इंग्रजी भाष्यग्रंथांतील शब्दांची कुळे

उपदेशाची तयारी करताना आपल्यापैकी पुष्कळांना इंग्रजी भाष्यग्रंथांचा आधार घ्यावा लागतो. तेथे आपण अडतो ते बहुधा व्याकरणापाशी नव्हे, शब्दांपाशी. मग कोश उघडून अवघड शब्दांची यादी वहीत उतरविणे आलेच. ती आठवड्याभरात विस्मरणात जाते. न गेली तर धोका अधिक, कारण कोशातील पहिला मराठी प्रतिशब्द हाच त्या शब्दाचा सर्व अर्थ, अशी समजूत होऊन बसते.

त्यापेक्षा शब्द त्याच्या कुळासह ओळखावा. ‘ॲडव्हेंट’ हा शब्द ‘येणे’ या अर्थाच्या ‘वेनिरे’ या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. आपल्या ‘आगमन’ शब्दाची घडणही तशीच आहे; इतकेच नव्हे, तर ‘वेनिरे’ आणि संस्कृत ‘गम्’ ही एकाच प्राचीन धातूची रूपे होत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. याच कुळातला ‘कव्हेनंट’ म्हणजे मुळात एकत्र येणे. आणि ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी येणे! आज त्याचा अर्थ ‘रोखणे’ असा झाला असला, तरी १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात १ थेस्सल. ४:१५ येथे तो जुन्याच अर्थाने आला आहे. जिवंत राहिलेले लोक निजलेल्यांच्या पुढे जाणार नाहीत, हे पौलाचे सांत्वन आहे. तेथे ‘अडविणे’ असा अर्थ घेतला, तर ते सांत्वनच नाहीसे होते. जॉन वेस्लीची ‘प्रिव्हेंटिंग ग्रेस’ ही देखील अडविणारी कृपा नव्हे; मनुष्याने पाऊल उचलण्यापूर्वीच त्याच्यापाशी येणारी ती कृपा होय.

याहून नाजूक प्रश्न १ योहान २:२ मधील ‘हिलास्मोस’ या ग्रीक शब्दाचा आहे. किंग जेम्स भाषांतर तेथे ‘प्रोपिशिएशन’ म्हणते, तर १९४६ चा रिव्हाइज्ड स्टँडर्ड नवा करार ‘एक्स्पिएशन’ म्हणतो. पहिल्या शब्दाच्या मुळाशी ‘प्रसन्न’ हा अर्थ आहे. तेथे देवाचा क्रोध शांत होतो. दुसऱ्यात पापाचे क्षालन होते. सी. एच. डॉड यांनी दुसऱ्या अर्थाची बाजू मांडली. लिऑन मॉरिस यांनी १९५५ च्या आपल्या ग्रंथात पहिल्या अर्थाचे समर्थन केले. मराठीत मात्र आपण दोन्ही शब्दांना ‘प्रायश्चित्त’ म्हणून मोकळे होतो, आणि भाष्यकार कशाबद्दल वाद घालीत आहे हेच कळेनासे होते. शिवाय आपल्या समाजात प्रायश्चित्त घेतो तो दोषी मनुष्य. पत्रात तर देवच आपल्या पुत्राला पाठवितो (४:१०). धर्मशिक्षकाने हा भेद उलगडून सांगितला नाही, तर श्रोता आपल्या ओळखीचाच अर्थ घेऊन घरी जातो.

‘अटोनमेंट’ मात्र लॅटिनचा ऋणी नाही. ‘ॲट वन’, म्हणजे एक झालेले, या साध्या इंग्रजी शब्दांतून तो घडला आणि टिंडेलच्या १५२६ च्या नव्या करारात रोम. ५:११ येथे आला. आपल्या पवित्र शास्त्रात त्या ठिकाणी ‘समेट’ आहे. प्रायश्चित्तापेक्षा तोच त्याला जवळचा, असे मला वाटते.

म्हणून वहीत शब्दासमोर केवळ अर्थ लिहू नये. वचनाचा संदर्भ, मूळ ग्रीक वा इब्री शब्द, आणि आपल्या मराठी शास्त्रात त्या जागी असलेला शब्द, एवढे लिहावे. दिवसाला एक शब्द झाला तरी पुष्कळ.