मांजराच्या पिलाचे अन्नांतर (लेखांक पाचवा)

पिलाचे अंगावरचे दूध केव्हा व कसे तुटते, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होणारी ही क्रिया आठव्या आठवड्याच्या आसपास पूर्ण होते, आणि आपल्याकडील बहुतेक पिले आईपासून अलग होऊन नव्या घरी येतात ती नेमकी याच संधिकाळात. नव्या घरी आलेले पिलू दोन-तीन दिवसांतच पातळ शौचास का करू लागते, हा आजचा प्रश्न आहे.

गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी मांजराचे घरातील स्थान प्रथमपासून धान्याशी निगडित आहे. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत पिकलेली ज्वारी ज्या घरांत कणग्यांतून आणि पोत्यांतून साठविली जाते, आणि मोंढ्यावरील ज्या आडत दुकानांत हंगामात पोत्यांच्या थप्प्या आढ्याला टेकतात, तेथे उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजर बाळगण्याची वहिवाट जुनी आहे. अशा एखाद्या कणगीमागे जन्मलेले पिलू आईचे दूध पीत आणि तिने आणून टाकलेल्या उंदराशी झोंबत वाढते. मग कोणाच्या तरी मुलाच्या हट्टापायी ते टोपलीत घालून गावातल्या घरी आणले जाते. त्या संध्याकाळी त्याच्यापुढे रतिबाच्या म्हशीच्या दुधात कुस्करलेली भाकरी येते. दुसऱ्या दिवशी ते खात नाही म्हणून दुकानातून तयार खाद्याचे पाकीट येते. तिसऱ्या दिवशी त्याला अशक्तपणा आला असे वाटून खाटकाकडून काळजाचे तुकडे येतात. प्रेमाने केलेल्या या तजविजीत एकही जिन्नस विषारी नसतो, पण पिलाच्या आतड्याला तीन दिवसांत तीन निरनिराळ्या अन्नांना तोंड द्यावे लागते.

मांजरी आपली पिले सात घरे फिरविते, असे आपल्याकडे म्हणतात. घरांची संख्या काहीही असो, धोका वाटताच ती पिलांना मानगुटीला धरून जागा बदलते, हे कोणीही पाहिले असेल. परंतु या सर्व स्थलांतरांत दूध तेच राहते, अंगाची ऊब तीच राहते, आणि म्हणून पिलाचे पोट बिघडत नाही. आपण पिलू आणतो तेव्हा जागा, अन्न, पाणी आणि सोबत हे सारे एकाच दिवशी बदलते, आणि भीतीचाही परिणाम आतड्याच्या हालचालीवर होतो.

मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी. गाय किंवा मेंढी यांची आतडी शरीराच्या लांबीच्या वीसपट किंवा त्याहून अधिक लांब असतात, मांजराची अवघी चौपट. त्याच्या लाळेत पिष्ट पचविणारे द्रव्यही जवळजवळ नसते. शिवाय दुधातील शर्करा फोडणारे द्रव्य, ज्याला लॅक्टेज म्हणतात, ते दूध तुटण्याच्या काळापासून पिलाच्या आतड्यात उत्तरोत्तर कमी होत जाते. मांजर आणि दूध यांची सांगड आपल्या म्हणींनी इतकी पक्की बसविली आहे की वाटीभर दुधावाचून पिलाचे स्वागतच पुरे होत नाही. पण न फुटलेली ही शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते, पुढे मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जंतू तिला आंबवून वायू व आम्ल उत्पन्न करतात, आणि पोट फुगून जुलाब होतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असल्यामुळे त्याचा भार आणखी पडतो. अंगावरचे दूध तुटलेल्या पिलाला स्वच्छ पाणी पुरते. दुधाची त्याला गरज नाही.

खेड्यातली मांजरे दूध-भाकरीवर पिढ्यान्‌पिढ्या जगली, असा आक्षेप येथे येईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. ती जगली ती मुख्यतः उंदरांवर. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराचे शरीर स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही. ते मांसातूनच मिळवावे लागते. त्याच्या अभावी मांजराचे दृष्टिपटल झिजते, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९७५ साली दाखविले, आणि त्याच अभावाने हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ साली सिद्ध झाले. मोंढ्यावरचे मांजर हे द्रव्य शिकारीतून मिळविते. बंद घरात वाढणाऱ्या पिलाला ती मुभा नाही. तेव्हा आहार बदलणे पुष्कळदा आवश्यकच असते, आणि माझे म्हणणे आहे ते केवळ त्या बदलाच्या मुदतीविषयी.

ही मुदत सात ते दहा दिवसांची असावी. पिलू पूर्वीच्या घरी काय खात होते, याची चौकशी ते घेतानाच करावी आणि पहिले दोन-तीन दिवस तेच अन्न मुख्य ठेवून त्यात नव्याचा चौथा हिस्सा मिसळावा; शौच बांधून होत असल्याची खातरजमा झाल्यावर निम्मा, मग पाऊण, आणि शेवटी पूर्ण. आतड्यातील पाचक द्रव्ये आणि तेथे वस्तीला असलेले सूक्ष्म जंतू नव्या अन्नाशी जुळवून घेतात ते अशा सवडीनेच. मध्येच शौच पातळ झाले तर एक पायरी मागे यावे. पिलू खेळत असेल आणि खात असेल, तर हाडे काढलेली, मीठ-मसाला न घातलेली उकडलेली कोंबडी थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा द्यावी. घरातला रस्सा देऊ नये. कांदा व लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. पोटाला विश्रांती म्हणून पिलाला दिवसभर उपाशी ठेवण्याचा उपायही टाळावा, कारण एवढ्याशा देहात साखरेचा साठा अत्यल्प असतो आणि उपवासाने त्याला ग्लानी येते.

मात्र प्रत्येक जुलाबाचे खापर अन्नावर फोडणे धोक्याचे आहे. गोल जंतांची बाधा पिलाला आईच्या दुधातूनच होते; फुगलेले पोट, खरबरीत केस आणि शौचात शेवयांसारखे दिसणारे जंत ही तिची खूण. त्याहून भयंकर तो विषाणुजन्य रोग, ज्यात रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. त्यात ओकाऱ्या, ताप आणि मग निपचित पडणे हा क्रम एक-दोन दिवसांत उरकतो. म्हणून ओकारी आणि जुलाब एकत्र असतील, शौचात रक्त असेल, पिलाने खाणे सोडले असेल, किंवा मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली असता ती लगेच खाली बसत नसेल, तर आहाराचे प्रयोग तेथेच थांबवावेत. मराठवाड्याच्या वैशाखात, पारा चाळिसाच्या वर असताना, दोन महिन्यांच्या पिलाच्या अंगातले पाणी आटायला फार वेळ लागत नाही. घरातील माणसांची औषधे तर मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉल हे मांजराला प्राणघातक ठरते.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात मांजर नेण्याचा संकोच अनेकांना वाटतो, जणू तेथे बैल-म्हशींचाच हक्क आहे. तो संकोच सोडावा. पुढील तपासण्यांची गरज भासल्यास परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय गंगाखेडहून फार दूर नाही. रेल्वे व एसटी दोन्हींची सोय आहे. जाताना थोडे ताजे शौच स्वच्छ डबीत घ्यावे, आणि गेल्या आठवड्यात पिलाने कोणत्या दिवशी काय खाल्ले, याची यादी कागदावर लिहून न्यावी. वैद्य पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि पिलाचे वजनही तेथेच करून घ्यावे, कारण जंतांच्या औषधाची मात्रा त्यावरच ठरते. त्या औषधाचे वेळापत्रक आणि लसीकरण यांचा विचार पुढील लेखांकात.