ठिसूळ हाडं, भाग ५ : औषध थांबवल्यावर काय?

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा अहवाल कसा वाचायचा, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला, किंवा किरकोळ पडण्यानं खुबा वा मणका मोडला, की औषधाचा विषय निघतो आणि बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो, ‘यातलं सगळ्यात जोरदार औषध कोणतं?’ माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, की हे औषध पुढे बंद करावं लागलं तर काय होईल? हा उपचार वर्षानुवर्षं चालतो. तेवढ्या काळात डॉक्टर बदलतात, मुलगा-सून परगावी जातात, निवृत्तिवेतनात खर्च बसेनासा होतो. औषध कधी ना कधी चुकणार किंवा थांबणार, हे धरूनच निवड करायला हवी.

ताकदीत फार डावं-उजवं करण्यासारखं नाही. वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत मणक्याचे अस्थिभंग १०.९ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आले. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचल्या जाणाऱ्या डेनोसुमॅबच्या २००९ च्या चाचणीत ते ७.२ वरून २.३ टक्क्यांवर आले. खुब्याचे अस्थिभंग दोन्हींत सुमारे ४० टक्क्यांनी घटले. दोन्ही चाचण्यांतल्या स्त्रिया वेगळ्या, त्यामुळे आकड्यांवरून सरस कोण ते ठरत नाही. डेनोसुमॅबनं हाडांची घनता जास्त वाढते आणि दहा वर्षांपर्यंत वाढत राहते, हे मात्र खरं.

खरा फरक दिसतो तो औषध थांबल्यावर. अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी आणि झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ही एकाच कुळातली, बिस्फॉस्फोनेट गटातली. ती हाडाच्या खनिजातच जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतात. पाच वर्षं अ‍ॅलेन्ड्रोनेट घेतलेल्या १,०९९ स्त्रियांपैकी काहींची गोळी पुढची पाच वर्षं चालू ठेवली, बाकीच्यांची बंद केली. २००६ मध्ये निष्कर्ष आले. मणका सोडून इतर हाडांचे अस्थिभंग दोन्हीकडे सुमारे १९ टक्के होते. मणक्याचे, त्रास होऊन लक्षात आलेले अस्थिभंग मात्र गोळी चालू असलेल्यांत २.४ आणि बंद केलेल्यांत ५.३ टक्के. म्हणजे धोका फार नसेल तर काही वर्षं विश्रांती घेता येते. मणका आधीच मोडलेला असेल तर नाही. डेनोसुमॅब हाडात साठत नाही. त्याचा अंमल संपला की हाड झिजवणाऱ्या पेशी एकदम उसळतात. २०१८ मधल्या विश्लेषणात, ते बंद केल्यावर मणक्याच्या अस्थिभंगांचं प्रमाण दर १०० स्त्रियांमागे वर्षाला १.२ वरून ७.१ वर गेलं, म्हणजे जवळजवळ उपचार न घेतलेल्यांइतकं. शिवाय ज्यांचा मणका मोडला, त्यांच्यातल्या ६० टक्क्यांहून अधिक जणींचे एकापेक्षा जास्त मणके मोडले.

मग डेनोसुमॅब घेऊच नये का? तसं नाही. मूत्रपिंडं अशक्त असली की झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड देता येत नाही. तिथे डेनोसुमॅब मोठा आधार ठरतं, फक्त रक्तातल्या कॅल्शियमवर कडक लक्ष ठेवावं लागतं. पण ते बंद करताना पाठोपाठ बिस्फॉस्फोनेट द्यावं लागतं, ही गोष्ट रुग्णाला पहिल्या इंजेक्शनच्या आधी सांगितली पाहिजे. हाड नव्यानं घडवणाऱ्या टेरिपॅराटाइडच्या रोजच्या इंजेक्शनांनंतरही असंच पुढचं औषध लागतं, नाहीतर कमावलेली घनता ओसरते.

दुसरा आक्षेप भीतीचा. बिस्फॉस्फोनेटनं मांडीचं हाड मोडतं, असं ऐकून अनेक जणी गोळी सोडून देतात. हा धोका खराच आहे, पण त्याचं माप पाहा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सुमारे १,९६,००० स्त्रियांच्या २०२० च्या अभ्यासावरून काढलेला अंदाज असा : १०,००० आशियाई वंशाच्या स्त्रियांनी तीन वर्षं गोळी घेतली, तर खुब्याचे ९१ अस्थिभंग टळतात आणि मांडीचे असे आठ घडतात. गोऱ्या स्त्रियांत हेच आकडे १४९ आणि दोन. आशियाई म्हणजे केवळ भारतीय नव्हेत, तरी आपण सावध राहावं. मुदत वाढते तसा हा धोका वाढतो आणि गोळी थांबवली की लवकर उतरतो. म्हणून तीन ते पाच वर्षांनी फेरविचार करायचा. औषध नाकारण्याचं हे कारण नव्हे. मांडीत किंवा जांघेत सतत दुखू लागलं, तर मात्र लगेच दाखवावं.

गोळी निवडलीत, तर ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि किमान अर्धा तास ना आडवं व्हायचं, ना चहा घ्यायचा. चहाबरोबर घेतलेली गोळी अंगी लागत नाही. आणि घरात कोणाला सहा महिन्यांचं इंजेक्शन चालू असेल, तर मागच्या इंजेक्शनची तारीख आजच शोधून पुढची कॅलेंडरवर लिहा. सातवा महिना उलटू देऊ नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते थांबवू नका.