विश्लेषण : दहा वर्षे इंग्रजी शिकूनही शहागडचा विद्यार्थी अकरावीत का अडखळतो?

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठी आणि सोलापूर-धुळे महामार्गावर शहागड वसले आहे. पूल ओलांडला की बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका लागतो. या पट्ट्यातील मराठी शाळांतली मुले पहिलीपासून इंग्रजी शिकतात, दहावीचा पेपर देतात आणि त्यातली अनेक जण विज्ञान शाखेत जातात. तिथे मात्र ‘पेशी’ अचानक ‘सेल’ होते, ‘त्वरण’ ‘ॲक्सलरेशन’ होते आणि वहीत उतरवून घेतलेले घरी समजत नाही. दहा वर्षांच्या शिक्षणानंतर ही वेळ का येते?

पहिलीपासून इंग्रजी कधी आली?

राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालच्या जूनमध्ये सुरू झाली. तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. त्याआधी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होती. ‘खेड्यातल्या मुलांना शहरातल्या मुलांइतकीच संधी’ हा युक्तिवाद होता आणि तो खोटाही नव्हता. पण पहिलीच्या वर्गाला तेव्हा मिळाले ते तेच शिक्षक, ज्यांनी स्वतः इंग्रजी पाचवीनंतर आणि मुख्यतः भाषांतरातून शिकली होती. त्या वर्षी पहिलीत बसलेली तुकडी २०१० मध्ये दहावीला बसली.

मराठवाड्याची पार्श्वभूमी आणखी वेगळी. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. तिथे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचेच, इंग्रजी तिथे एक सक्तीचा विषय होता. पुण्या-मुंबईत इंग्रजी शाळांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या तेव्हा इथे घराघरांत इंग्रजी वाचणारा माणूस क्वचितच असे. मराठवाडा विद्यापीठ आले १९५८ मध्ये. आजही अनेक विद्यार्थ्यांसाठी घरात इंग्रजीचा गृहपाठ तपासू शकणारे कोणी नसते, हे त्या इतिहासाचेच शेपूट आहे.

अडचण नेमकी कुठे?

पुस्तकात नाही, असे म्हणावे लागेल. बालभारतीचे दहावीचे ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ संवाद, जाहिरात, मुलाखत, गटचर्चा अशा कृतींनी भरलेले आहे. बारावीच्या २०२० पासूनच्या ‘युवकभारती’त तर ब्लॉगलेखन, चित्रपट परीक्षण आणि कादंबरी हा स्वतंत्र विभागही आहे. ही सगळी ‘संवादात्मक’ पद्धत : भाषा नियम पाठ करून नव्हे, वापरून येते, हे तिचे सूत्र. वर्गात मात्र अजून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा काळ पुरता सरलेला नाही. शिक्षक धडा वाचतो, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगतो, मुले उत्तरे उतरवून घेतात. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिटच बोलणे येते. म्हणून शिक्षकाला दोष देऊन भागत नाही.

त्यात भाषेची घडण वेगळी. मराठीत क्रियापद शेवटी येते, ‘मध्ये’, ‘वर’ हे शब्द नामाच्या मागून येतात, आणि ‘अ’, ‘द’ अशी उपपदे नाहीतच. ‘मी शाळेत जातो’चे ‘आय स्कूल गो’ होते ते निष्काळजीपणाने नाही, मराठी चोख येत असल्यामुळे. ही तुलना वर्गात उघडपणे करून दाखवली तर मराठीचाच उपयोग होतो. ‘वर्गात मराठी बोलायची नाही’ हा हट्ट इथे फारसा कामाचा नाही.

आणि ऊसतोड. अंकुशनगरचा समर्थ कारखाना याच भागात. दिवाळीच्या सुमारास गोदापट्ट्यातून टोळ्या निघतात, काही मुलेही जातात. गणिताचा बुडालेला घटक पुन्हा शिकवता येतो; रोज थोडे ऐकत-बोलत येणारी भाषा पाच महिने तुटली की पुन्हा जोडणे कठीण.

२० गुणांचे काय?

दहावीला लेखी ८० आणि तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. हे २० गुण सढळ हाताने दिले जातात, या आक्षेपावरून २०१८-१९ मध्ये भाषा विषयांसाठी ते बंद करून १०० गुणांचा लेखी पेपर झाला. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. लगेच पुढच्या वर्षी २० गुण परतले. घसरणीला नवा अभ्यासक्रम आणि बदललेले पेपरही कारण होते, हे खरे. तरीही या सगळ्या वादात चर्चा निकालाची झाली. ऐकणे-बोलणे खरोखर कसे तपासायचे, हा प्रश्न तसाच राहिला. जे तपासले जात नाही ते शिकवले जात नाही, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते.

उपाय झाले नाहीत का?

झाले. राज्याची इंग्रजी शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरातच होती. २०१६ मध्ये ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्ससोबत राज्याने ‘तेजस’ सुरू केला. त्यात केंद्रातले शिक्षक ठरावीक काळाने एकत्र बसत, एकमेकांचे अनुभव ऐकत आणि स्वतःची इंग्रजीही सुधारत. वरून आलेल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणापेक्षा हे उपयोगी, कारण वर्गात परतल्यावर विचारायला शेजारच्या शाळेतला कोणीतरी असतो. पण तो भर प्राथमिक शिक्षकांवर होता.

पुढे महाविद्यालयात काय?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला इंग्रजी ‘क्षमता संवर्धन’ अभ्यासक्रमात येते. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे सत्रात साधारण ३० तास. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येते, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. पण कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान इंग्रजीतूनच शिकवले जाते, त्यामुळे त्या सवलतीचा फायदा घेणारे थोडेच. म्हणून शहागडसारख्या गावात आठवीला ‘सेमी इंग्रजी’ घ्यायचे का, हा प्रश्न पालक विचारतात तेव्हा आधी शाळेत विज्ञान-गणिताचा शिक्षक ते इंग्रजीत समजावून सांगू शकतो का, हे पाहावे. तो नसेल तर मूल दोन्हीकडून जाते : विज्ञानही कळत नाही आणि इंग्रजीही येत नाही. तो असेल, आणि नवे शब्द मराठी अर्थासह आठवीपासूनच कानावर पडले, तर अकरावीच्या पहिल्या महिन्यात ‘सेल’ हा शब्द ऐकून गोंधळायची वेळ येत नाही.