ध्येय आणि अपयशाचे भय

मोठे ध्येय स्वीकारताना माणसाला श्रमांचे भय फारसे वाटत नाही; त्याला भय वाटते ते लोकनिंदेचे. काम फसले तर लोक काय म्हणतील, या एका शंकेने कित्येक संकल्प मनातल्या मनात विरून जातात.

भारताच्या पहिल्या उपग्रहवाहक अग्निबाणाची हकीकत या दृष्टीने मननीय आहे. एस.एल.व्ही.-३ हा चार टप्प्यांचा, २२ मीटर उंचीचा अग्निबाण १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून सुटला. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रण बिघडले आणि अनेक वर्षांचे श्रम बंगालच्या उपसागरात बुडाले. मोहिमेचे प्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम, परंतु, कलामांनीच पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, वार्ताहरांना सामोरे गेले ते संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन. अपयशाचा भार त्यांनी आपल्या शिरावर घेतला.

निंदेचे दडपण असे दूर झाले, की बुद्धी दोष लपविण्याऐवजी दोष शोधू लागते. नियंत्रणयंत्रणेतील एका झडपेचा बिघाड तपासात उघडकीस आला. पुढे १८ जुलै १९८० रोजी याच जातीच्या अग्निबाणाने ३५ किलोग्रॅम वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या दिवशी मात्र धवनांनी वार्ताहरांपुढे कलामांना पाठविले.

अपयशाचे भय जावे म्हणून ध्येय लहान करण्याचे कारण नाही. मुलांकडून वा सहकाऱ्यांकडून पराक्रमाची अपेक्षा करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पहिला आघात स्वतः सोसण्याची तयारी ठेवावी, म्हणजे झाले.