पस्तीस अंशांची मर्यादा : गेमिंग कन्सोलच्या रचनेतील तडजोडी, लासलगावातून पाहताना

दूरचित्रवाणी संचाला जोडून व्हिडिओ गेम खेळण्यासाठी बनवलेले यंत्र, म्हणजे कन्सोल, हे मुळात संगणकच असले तरी त्याची रचना करणाऱ्यांपुढचा प्रश्न निराळा असतो. संगणकाचे सुटे भाग मागाहून बदलता येतात. कन्सोल मात्र एकदा बाजारात आला की सहा-सात वर्षे जवळजवळ तसाच राहतो, आणि त्या काळात निघणारा प्रत्येक गेम त्याच प्रोसेसरवर, तेवढ्याच मेमरीत आणि तेवढ्याच विजेत चालवून दाखवावा लागतो. ही स्थिरता हेच कन्सोलचे बळ आहे, कारण गेम लिहिणाऱ्याला एकाच यंत्राचा कसून अभ्यास करता येतो. पण त्यामुळेच आरंभी केलेली प्रत्येक तडजोड, म्हणजे एक गुण मिळवण्यासाठी दुसरा सोडण्याचा निर्णय, वापरणाऱ्याच्या घरात अनेक वर्षे मुक्काम करते. ते घर कोठे आहे यावर त्या तडजोडीचे मोल ठरते, आणि म्हणून निफाड तालुक्यातील लासलगावासारख्या कांद्याच्या बाजारगावातून या यंत्राकडे पाहणे उपयोगाचे आहे. तेथे कडक उन्हाळा, बोचरी थंडी, बाजाराच्या हंगामातील धूळ आणि इंटरनेटचा मर्यादित वेग या चारही गोष्टी एकाच घराच्या वाट्याला येऊ शकतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सोनीच्या प्लेस्टेशन ५ या दोन कन्सोलांनी एकाच प्रश्नाला दिलेली दोन उत्तरे येथे मुळापासून पाहावी लागतात. दोन्हींतील मुख्य चिप एएमडी या कंपनीच्या तंत्रावर आधारलेली होती आणि दोन्हींत १६ जीबी मेमरी होती. चित्र रचणाऱ्या भागाची, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरची, आखणी मात्र परस्परविरुद्ध दिशांनी झाली. मायक्रोसॉफ्टने ५२ गणनएकके घेऊन ती १.८२५ गिगाहर्ट्झ या ठरावीक गतीने चालवली, तर सोनीने ३६ एककांवर भागवून त्यांची गती २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत चढू दिली. एका सेकंदातील एक लाख कोटी गणिती क्रियांना टेराफ्लॉप म्हणतात. त्या मापाने पहिल्याचे बळ सुमारे १२ आणि दुसऱ्याचे सुमारे १०.३ भरले. एकके अधिक घेतली तर चिपचे क्षेत्रफळ वाढते आणि तिच्यासोबत उत्पादनखर्चही वाढतो. गती वाढवली तर चिप लहान राहते, परंतु विजेचा वापर गतीच्या प्रमाणापेक्षा पुष्कळ अधिक वेगाने वाढतो आणि ती सारी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते.

सोनीचे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील तांत्रिक व्याख्यानात या उष्णतेसंबंधी जे धोरण मांडले, ते लासलगावच्या दृष्टीने या साऱ्या पिढीतील सर्वांत महत्त्वाचे म्हटले पाहिजे. आधीच्या कन्सोलांत गती स्थिर असे आणि विजेचा वापर गेमनुसार बदलत असे, त्यामुळे एखादा गेम किती तापवील याचा अंदाज रचनाकाराला आधीच बांधावा लागे. तो चुकला की पंखा घोंघावू लागे. प्लेस्टेशन ५ मध्ये हे उलटवले गेले. विजेची कमाल मर्यादा निश्चित करून, काम त्या मर्यादेत बसेल अशा बेताने गती क्षणाक्षणाला कमी-अधिक करण्याची सोय झाली. ही गती चिपच्या प्रत्यक्ष तापमानावरून ठरत नाही, तर त्या क्षणी चालू असलेल्या कामाच्या स्वरूपावरून ठरते. खोलीच्या तापमानाला गती बांधली असती, तर एकच गेम मे महिन्यातील लासलगावात मंद आणि डिसेंबरात चपळ चालला असता. तसे होत नाही. ऋतूतील फरक सोसण्याचे काम पंखा आणि उष्णता वाहून नेणारी धातूची जोडणी यांच्यावर सोपवलेले आहे.

हा भार थोडा नाही. प्लेस्टेशन ५ च्या माहितीपत्रकात वापरासाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस ही मर्यादा दिलेली आहे. नाशिक जिल्ह्याच्या या भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान पस्तिशीच्या पुढे जाणे नेहमीचे आहे, आणि राज्यातील थंडीच्या बातम्यांत वारंवार नाव येणाऱ्या निफाडमध्ये काही हिवाळ्यांत किमान तापमान पाच अंशांखालीही उतरले आहे. घरातली हवा बाहेरच्याइतकी टोकाला जात नाही हे खरे, परंतु पत्र्याच्या छपराखालील खोली, दारे लावलेले दूरचित्रवाणीचे कपाट आणि त्यात अवघड गेम चालताना सुमारे दोनशे वॉट वीज खाणारे यंत्र यांचा मेळ बसला की वरची मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

याच कारणाने प्लेस्टेशन ५ चा पहिला नमुना सुमारे ३९ सेंटिमीटर उंचीचा आणि साडेचार किलो वजनाचा झाला. त्याच्या आकाराची पुष्कळ चर्चा झाली, परंतु तो आकार हवेसाठी राखलेल्या जागेचा होता. लासलगाव परिसरात कांदाचाळ बांधणाऱ्याला हे तत्त्व ठाऊकच असते: चाळ रुंद केली तर कांदा जास्त मावतो, पण मधल्या थरापर्यंत वारा पोचत नाही आणि माल सडतो, म्हणून जागा सोडावीच लागते. चिप आणि उष्णताशोषक यांच्यामधील फटीत सोनीने नेहमीच्या लेपाऐवजी सामान्य तापमानालाही द्रवरूप राहणारा मिश्रधातू वापरला. तो उष्णता उत्तम वाहतो, पण वीजही वाहतो, त्यामुळे थेंबभर गळला तरी आतील जोडण्या जळण्याचा धोका असल्याने त्याभोवती पक्का बंदोबस्त करावा लागला. बाहेरची आवरणे काढता येतात, आणि आत धूळ साठण्यासाठी खास कप्पे आहेत, ज्यांच्या छिद्रांतून ती व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेता येते. ही लहानशी सोय जाहिरातीत शोभत नाही. ज्या गावात हंगामात कांद्याची टरफले आणि रस्त्यावरची माती हवेबरोबर फिरते, तेथे मात्र यंत्राचे आयुष्य तिच्यावर अवलंबून असते. मायक्रोसॉफ्टने यंत्र उभ्या ठोकळ्यासारखे करून वरच्या एका मोठ्या पंख्याने सारी हवा खालून वर ओढली. त्याची मांडणी सुटसुटीत आहे, पण वरचा भाग झाकला गेला तर तिचा उपयोग उरत नाही.

साठवणुकीतील तडजोड याहून वेगळी आहे. फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी, म्हणजे हलणारे भाग नसलेली साठवण, आल्याने प्लेस्टेशन ५ सेकंदाला साडेपाच जीबी मजकूर वाचू शकतो. हा वेग परवडावा म्हणून जागा आखडती घेतली गेली: त्याची मूळ क्षमता ८२५ जीबी, आणि त्यातील काही भाग यंत्रप्रणालीच व्यापते. मोठे गेम आता शंभर जीबीच्या पुढे जात असल्याने थोड्याच गेमांत ती भरते, आणि जुना गेम पुसून नवा घेताना, तो डिस्कवर नसल्यास, सारा मजकूर इंटरनेटवरून पुन्हा उतरवावा लागतो. सेकंदाला ४० मेगाबिट वेग अखंड मिळाला तरी शंभर जीबी उतरायला साडेपाच तासांहून अधिक वेळ लागतो, आणि मध्ये वीज गेली तर हा हिशेब आणखी लांबतो. म्हणूनच डिस्क वाचणारा भाग वगळून काढलेली स्वस्त आवृत्ती गावात खरोखर स्वस्त पडते का, हा प्रश्न रास्त आहे. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ आला तेव्हा डिस्कसह त्याची किंमत ४९,९९० रुपये आणि डिस्कविना ३९,९९० रुपये होती. वाचलेल्या दहा हजारांच्या बदल्यात गेम दुसऱ्याला विकण्याची, उसना देण्याची आणि जुना विकत घेण्याची मुभा जाते. ज्या घरात एकेका गेमची किंमत विचार करून मोजली जाते, तेथे ही मुभा यंत्राच्या गतीहून अधिक मोलाची आहे.

मेमरी कमी केल्याचा परिणाम गेम लिहिणाऱ्याला प्रथम जाणवतो. एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्त ठेवण्यासाठी त्यात १० जीबीच मेमरी दिली गेली, आणि २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ या गेमची एक्सबॉक्स आवृत्ती रखडली, कारण पडदा विभागून दोघांनी खेळण्याची सोय त्या लहान यंत्रावर बसेना. शेवटी त्या यंत्रापुरती ती सोय वगळूनच गेम बाहेर आला. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचे आहे. तिचा ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विच या हातात धरून किंवा दूरचित्रवाणीला जोडून चालणाऱ्या, अवघ्या ४ जीबी मेमरीच्या यंत्रावर आला आणि नंतर इतर कन्सोलांवर पोचला. राजस्थानी वास्तूंचा आभास देणारे भव्य देखावे आणि छायाबाहुल्यांच्या शैलीतील निवेदन असलेली ही कृती एवढ्या तोकड्या मेमरीत बसवणे हे मोठ्या कसबाचे काम होते. विशेष म्हणजे ते यंत्र त्या वेळी भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते.

यंत्राबाहेरचे नियमही त्याच्या रचनेला अडवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला प्लेस्टेशन ५ प्रो सहा गिगाहर्ट्झ पट्ट्यातील नव्या वायफायसह बनवला गेला, आणि तो पट्टा अशा वापरासाठी खुला नसलेल्या देशांत, त्यात भारतही होता, तो त्या वेळी विक्रीस आणला गेला नाही.

पुढच्या पिढीपुढची मुख्य अडचण अशी की चिप लहान करून ती स्वस्तही करण्याचा जुना मार्ग आता बंद होत आला आहे. प्लेस्टेशन २ ची किंमत अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलर होती आणि २००९ मध्ये ती ९९ डॉलरवर आली. उलट प्लेस्टेशन ५ तेथे ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनंतर, आणखी महाग झाला. केवळ एकके वाढवून बळ मिळवणे परवडत नाही, म्हणून सोनी आणि एएमडी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त संशोधनातील तीन गोष्टी मांडल्या: अनेक गणनएककांना जोडून, उदाहरणांवरून शिकवलेल्या संगणकीय नमुन्यांवर चालणारी गणिते एकत्र करवणारी रचना, प्रकाशकिरणांच्या मार्गाच्या हिशेबासाठी स्वतंत्र विभाग, आणि मेमरीकडे जाणारा सर्व मजकूर आवळून पाठवण्याची पद्धत. तोवर या गोष्टी संगणकीय अनुकरणातच अस्तित्वात होत्या.

यांतील पहिलीचा एक मुख्य उपयोग चित्र कमी ठिपक्यांत रचून ते शिकवलेल्या नमुन्याच्या आधारे मोठे करण्यासाठी आहे. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात आणि १०८०-पी चित्रात सुमारे २१ लाख, म्हणजे रचण्याचे काम जवळजवळ चतुर्थांशावर येते. त्याच्या बदल्यात बारीक जाळी, उडणारे केस, दूरची अक्षरे अशा तपशिलांत यंत्र अंदाजाने भर घालते आणि कधी तो अंदाज डोळ्यांना खटकतो. मे महिन्याच्या दुपारी लासलगावातल्या बंद खोलीत मात्र वाचलेली वीज ही वाचलेली उष्णताही असते, आणि पाहणारा पडद्यापासून सहा-आठ फुटांवर बसलेला असेल, तर त्या तपशिलांतला फरक त्याला बहुधा दिसणारही नाही.