छोट्या मोटारीच्या टपावर सायकल

कॅरिअर म्हटले की मराठी घरात अजूनही सायकलच्या मागच्या चाकावरची ती लोखंडी चौकट आठवते, जिच्यावर डबा, दप्तर आणि प्रसंगी धाकटे भावंडही बसत असे. आता कॅरिअर मोटारीच्या टपावर चढले आहे आणि त्याच्यावर सायकलच बसते. पुण्याहून पाचगणी-महाबळेश्वरला किंवा मुंबईहून लोणावळ्याला सायकली सोबत नेऊन तेथील मोकळ्या रस्त्यांवर चालवाव्यात, ही हौस अनेक कुटुंबांत रुजली आहे. हौस चांगलीच आहे. परंतु ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीवरून सायकल सुटली, तर ती मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाते. म्हणून कॅरिअरची निवड केवळ किंमत पाहून करण्याची गोष्ट नव्हे.

पहिला प्रश्न कॅरिअरचा नसून टपाचा आहे. गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत टपावरील भाराची मर्यादा दिलेली असते. छोट्या गाड्यांत ती पुष्कळदा ५० किलोच्या आसपास असते, काहींत त्याहून कमी. आणि काही गाड्यांच्या टपावर काहीही लादू नये असे उत्पादकच सांगतात. या मर्यादेत केवळ सायकली नव्हे, तर आडव्या दांड्या आणि कॅरिअर यांचेही वजन मोजायचे असते. समजा मर्यादा ५० किलो आहे. दोन आडव्या दांड्यांचे ६ किलो, प्रत्येकी ४ किलोंची दोन कॅरिअर आणि १५ किलोंच्या दोन साध्या गिअरच्या सायकली मिळून ४४ किलो होतात. तिसऱ्या सायकलीला येथे जागा नाही, मग टपाची रुंदी कितीही पुरेशी दिसो. विजेवर चालणारी सायकल २० ते २५ किलोंची असते. ती चढवण्यापूर्वी बॅटरी काढून गाडीत ठेवणे इष्ट.

दुसरी फसगत टपावरील रुळांची. अनेक छोट्या गाड्यांवर दिसणारे उभे रूळ केवळ शोभेचे असतात. ते भार पेलण्यासाठी बसवलेले नसतात. तसे असेल, किंवा टप अगदी सपाट असेल, तर दारांच्या चौकटीला घट्ट पकडणारे पाय असलेल्या दांड्या घ्याव्या लागतात, आणि त्या त्या मॉडेलसाठीच बनवलेल्या जोडसंचासह. ‘कोणत्याही गाडीला बसते’ हे दुकानदाराचे आश्वासन येथे पुरेसे नाही. दारांतून आत पट्टे ओढून बांधण्याचे मऊ कॅरिअर स्वस्त पडते खरे, पण पावसाळ्यात त्याच पट्ट्यांवरून पाणी झिरपत आत येते.

त्यानंतर सायकल धरायची कशी, हा प्रश्न. एका प्रकारात पुढचे चाक काढून चिमटा कॅरिअरला जखडतात. सायकल बुटकी राहते, हालत नाही. परंतु ज्या साध्या सायकलींचे पुढचे चाक नटांनी आवळलेले असते, त्यांच्यासाठी हा प्रत्येक वेळी पान्याचा खटाटोप ठरतो. चाक काढल्यावर डिस्क ब्रेकची मूठ चुकूनही दाबू नये, अन्यथा पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक पुन्हा बसत नाही. दुसऱ्या प्रकारात दोन्ही चाके जागीच ठेवून उभा हात चौकटीच्या खालच्या नळीला धरतो. घरोघरच्या पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या सायकलींना हाच प्रकार सोयीचा. कार्बनची चौकट मात्र या पकडीत चिरडू शकते. तिच्यासाठी केवळ चाकांना धरणारा तिसरा, महाग प्रकार आहे. मुलांच्या लहान चाकांच्या सायकली यांपैकी अनेकांत नीट बसतच नाहीत, तेव्हा घरातली सर्वांत लहान सायकल दुकानात नेऊन बसवून पाहिलेली बरी.

आखूड टपाच्या गाडीत आणखी एक अडचण येते: मागचे दार उघडताना ते सायकलीच्या चाकावर आदळते. पहिल्यांदा ते हळूहळू, हाताने धरूनच उघडावे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र घाटात नव्हे, घराच्या दाराशी होते. दीड मीटर उंचीची गाडी सायकलीसह सुमारे अडीच मीटरांच्या वर जाते. दिवसभराच्या प्रवासानंतर थकलेला चालक सवयीने तळघराच्या वाहनतळाकडे वळतो, आणि सायकल, कॅरिअर व टप तिन्ही एकदमच गमावतो. एकूण उंची मोजून ती स्टिअरिंगसमोर कागदावर चिकटवणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. पेट्रोल त्याच प्रमाणात नसले तरी डोळ्यांत भरेल इतके अधिक लागते, आणि आडव्या वाऱ्यात हलकी गाडी डोलते. निघण्यापूर्वी बाटली, पंप, पिशवी काढून घ्यावी. पहिल्या १५-२० किलोमीटरांनंतर थांबून प्रत्येक पट्टा व स्क्रू हाताने तपासावा.

सायकल एकच असेल, तर हा सारा व्याप कशाला? मागचे आसन दुमडून, पुढचे चाक काढून, जुनी चादर अंथरली की ती बहुतेक छोट्या गाड्यांत आडवी मावते. मागच्या दाराला टांगायचे कॅरिअर स्वस्त असते, परंतु त्याने नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाण्याची शक्यता असते. चौघांचे कुटुंब आणि दोन सायकली असतील, तेव्हाच टपाचा विचार करावा. आणि परतल्यावर दांड्या उतरवून माळ्यावर ठेवाव्यात, कारण रिकाम्या दांड्याही वारा अडवतात आणि शिट्टीसारखा आवाज करतात.