लक्ष कुठं असतं गं तुझं?

दूध गॅसवर ठेवून तुम्ही दळणाचा डबा काढायला जाता. डब्यामागे महिनाभर हरवलेली विजेच्या बिलाची पावती सापडते. ती ठेवायला कपाट उघडता, तर साड्यांचा पसारा दिसतो. तो आवरायला बसता न बसता तोच स्वयंपाकघरातून करपल्याचा वास! "लक्ष कुठं असतं गं तुझं?" सासूबाई विचारतात. उत्तर तुमच्यापाशीही नसतं.

मैत्रिणींनो, असं कधीमधी सगळ्यांचंच होतं. पण शाळेत असल्यापासून हे रोजचंच असेल, त्यापायी घरात वाद आणि मनात अपराधीपणा साचला असेल, तर तो निव्वळ वेंधळेपणा नसण्याचीही शक्यता आहे. डॉक्टर त्याला 'एडीएचडी' म्हणतात.

१९०२ साली लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांतून अशा चंचल मुलांचं वर्णन केलं होतं. पुढं कितीतरी वर्षं समज असा, की हे मुलांचं दुखणं, वयाबरोबर जातं. आता कळलंय, की अनेकांत ते मोठेपणीही राहतं. वर्गात उड्या मारणारा मुलगा बाईंच्या डोळ्यांवर येतो, खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी येत नाही. शिवाय हे बरंचसं रक्तातून येतं. म्हणून मुलाला डॉक्टरांकडे नेल्यावर 'अगंबाई, हे तर माझंच वर्णन!' असं कित्येक आयांना वाटतं.

मेंदूत नेमकं काय होतं? मेंदूच्या पेशी रसायनांमार्फत एकमेकींना निरोप धाडतात. डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही त्यांतली दोन. कामं ठरवणं, मन आवरणं हे कपाळामागच्या भागाचं काम, आणि त्यासाठी या दोघांचा मेळ नीट बसावा लागतो. एडीएचडीत तो मेळ वेगळा असतो असं मानतात. त्यामुळंच आवडीच्या विणकामात चार तास कसे गेले कळत नाही, आणि बँकेचा साधा फॉर्म मात्र पंधरा दिवस तसाच पडतो. "मनावर घेतलंस तर जमतं की!" हा टोमणा म्हणूनच अन्यायाचा आहे.

यावर औषधं आहेत. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञानं मिथाइलफेनिडेट तयार केलं आणि पत्नी रीटा हिच्या नावावरून त्याचं 'रिटालिन' झालं. निरोप देणारी ही रसायनं पेशी लगेच परत ओढून घेतात. हे औषध ती ओढ रोखतं, म्हणून निरोप टिकतो. मात्र ते मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानंच घ्यायचं. रक्तदाब, हृदय तपासावं लागतं. मुलाची गोळी आपण घेऊन पाहायची नाही, बरं का!

आणखी एक. थायरॉइड, रक्तक्षय, अपुरी झोप, उदासीनता यांनीही लक्ष उडतं. पाळी जाण्याच्या सुमारासही विसरभोळेपणा वाढतो. तेव्हा आधी तपासणी करून घ्या. एडीएचडीचं निदान रक्त तपासून होत नाही. बाराव्या वर्षाआधी लक्षणं होती का, हे डॉक्टर विचारतात. माहेरी जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर शोधून ठेवा. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' असा शेरा त्यात सापडला, तर तो डॉक्टरांना दाखवा.

तोवर घरात एवढं करून पाहा. दूध शिट्टीच्या भांड्यात तापवा. किल्ल्या, चष्मा, पाकीट यांना दाराशी एकच जागा ठरवा. बिलांच्या तारखा एकाच मोठ्या कॅलेंडरवर लिहा. मोठं काम निघालं, तर गजर लावून पंधराच मिनिटं करा. आणि यजमानांना हा लेख आवर्जून वाचायला द्या.

चष्मा लागलेल्या बाईला आपण 'डोळे नीट उघड' म्हणत नाही. मग स्वतःला 'आळशी' म्हणणं आजपासून थांबवायला काय हरकत आहे?